अडवणुकीचा खेळ

कथाप्रधान व्हिडिओ गेमबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. पहिलं पालकांचं: वेळेचा नास, डोळ्यांचा नास, आणि पुढे जुगार. दुसरं थोडं वाचलेल्या, थोडं खेळलेल्या तरुणांचं: हीच उद्याची कादंबरी, कारण कादंबरीत लेखक ठरवतो आणि इथे तुम्ही ठरवता. पहिल्या मतामागे निदान काळजी असते. दुसरं मत मला अधिक उथळ वाटतं. ते खेळांच्या बाजूने बोलतं, म्हणून त्याने होणारं नुकसानही अधिक.

माझं म्हणणं असं आहे. मोठ्या कंपनीच्या पैशाविना, एकट्याने किंवा पाच-दहा जणांनी मिळून केलेले जे खेळ ‘इंडी’ म्हणून ओळखले जातात, त्यांतल्या चांगल्या कथाप्रधान खेळांचं मोल खेळणाऱ्याला निवड मिळण्यात नाही. निवड किती अरुंद असते, ती कोण अरुंद करतं, आणि त्या अरुंद वाटेने जाणारा शेवटी स्वतःलाच दोषी कसा धरू लागतो, हे ते खेळ हाताला कळवतात. यवतमाळात बसून हे खेळ खेळणाऱ्याच्या लक्षात हे जरा लवकर येतं. या जिल्ह्याला बाहेरून येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: तुम्ही असं का केलंत? कापूसच का लावला? खासगी सावकाराकडे का गेलात? फवारताना मास्क का नाही बांधला? प्रश्नकर्त्याने गृहीतच धरलेलं असतं की समोरच्यापुढे दुसरी वाट खुली होती.

१. गोष्ट तुमच्या हातात नसतेच

आधी साधं गणित करू. गोष्टीत दहा ठिकाणी निर्णय घ्यायचा आहे आणि प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय आहेत, असं धरलं तर शेवट होतात १,०२४. ते सगळे कुणीतरी लिहायला हवेत, त्यांची चित्रं काढायला हवीत, संगीत द्यायला हवं, तपासायला हवेत. तीन माणसांच्या चमूला हे जन्मात जमणार नाही, तीनशेंच्याही नाही. म्हणून या धंद्यातली जुनी युक्ती अशी की वाटा फुटल्यासारख्या दिसतात आणि दोन प्रसंग पुढे गेलं की पुन्हा एकाच पांदणीला येऊन मिळतात. टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’ने (२०१२) ही युक्ती घरोघर पोचवली. तुम्ही काही बोललात की पडद्यावर ओळ यायची, अमुक व्यक्ती हे लक्षात ठेवील. खेळ दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला कळायचं की लक्षात ठेवणं म्हणजे बहुतेक वेळा पुढे कधीतरी एखादं वाक्य बदलणं.

तेव्हा ‘गोष्ट तुमच्या हातात’ हा दावा आधी तांत्रिकदृष्ट्याच खोटा आहे. शिवाय मोकळीक हाच निकष धरला तर इंडी खेळ सगळ्यांत गरीब ठरतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’मध्ये (२०१३) अख्खं शहर मोकळं आहे, हवी ती गाडी पळवा, हव्या त्या दिशेला जा. पण त्या शहरात मनसोक्त भटकलेल्या माणसाशी बोलून पाहा, तो गंमत सांगतो, माणसं सांगत नाही. उलट एका खिडकीत बसून शिक्के मारायला लावणारा खेळ वर्षानुवर्षं मनातून जात नाही. म्हणजे वाटा किती आहेत यावर परिणाम ठरत नाही. तो कशावर ठरतो, ते आता पाहू.

२. खिडकीच्या आतली बाजू

लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला ‘पेपर्स, प्लीज’ २०१३ मध्ये आला. आर्स्टोट्स्का नावाचा कल्पित देश, साल १९८२, आणि तुम्ही सरहद्दीच्या चौकीवरचे तपासनीस. समोर रांग. एकेक जण येऊन कागद सरकवतो. नाव जुळतं का, तारीख उलटून गेली का, फोटो त्याचाच का, हे बघून हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. बरोबर निकाल दिलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक पैसे मिळतात. चूक झाली की छपाईयंत्रातून कागद बाहेर येतो. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, नंतर दंड. दिवस संपला की घरखर्चाचा हिशेब येतो: भाडं, जेवण, शेगडी, औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि मामा. आज शेगडी बंद ठेवली तर उद्या कुणीतरी आजारी.

या खेळाला वीस शेवट आहेत. पण खेळलेल्या कुणालाही विचारा, तो शेवटांबद्दल बोलणार नाही. तो त्या नवरा-बायकोबद्दल बोलेल. नवऱ्याचे कागद ठीक असतात. तो आत जाताना सांगतो, मागून बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे परवाना नसतो. तिला आत सोडायला तुम्हाला कुणी अडवत नाही. फक्त ती तुमची त्या दिवसाची चूक म्हणून नोंदली जाते. दिवसातल्या दोन ताकिदी आधीच होऊन गेल्या असतील तर तिच्या आत जाण्याची किंमत तुमच्या मुलाच्या औषधातून वजा होते.

इथे निवड आहे का? आहे. मोकळी आहे का? नाही. आणि खरी गोष्ट याच्याही पलीकडे घडते. पाच-सहा दिवसांचं काम उरकेपर्यंत खेळणाऱ्याच्या नजरेला वळण लागतं. रांगेतला माणूस खिडकीशी आला की त्याच्या तोंडाकडे न बघता तुम्ही आधी तारखेकडे बघता. तो काहीतरी सांगत असतो, तुम्हाला ते ऐकायला वेळ नसतो. चूक सापडली की बरं वाटतं. हे बरं वाटणं मला या खेळातलं सगळ्यांत मोठं लेखन वाटतं, आणि ते एकाही वाक्यात लिहिलेलं नाही. नियम, घड्याळ आणि पगार यांनी मिळून ते लिहिलं आहे.

आपल्या जिल्ह्याला खिडकीची बाहेरची बाजू पाठ आहे. शेतकरी आत्महत्येनंतर सरकारी मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरायचं असतं. जमीन कुटुंबात कुणाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचंच होतं का? ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का? कृषी केंद्राची उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने पैसे, गावातल्या बिगरपरवाना सावकाराकडे ठेवलेलं सोनं यांचा कागद नसतो. मग माणूस मेला ते कर्जापायीच, हे सगळ्या गावाला ठाऊक असलं तरी फाइलला ठाऊक नसतं.

या विषयावर आपण पुष्कळ वाचलं आहे. वाचून एक तर चीड येते किंवा खिडकीतल्या कारकुनाला शिव्या दिल्या जातात. ‘पेपर्स, प्लीज’ तुम्हाला त्या कारकुनाच्या खुर्चीत बसवतो आणि दाखवतो की खुर्चीवर कोणताही भला माणूस बसवा, चार दिवसांत त्याचा हात तसाच चालू लागेल. यातून कारकून निर्दोष ठरत नाही. पण बदलायला काय हवं, माणूस की नियमांचा तक्ता, याबद्दलचं मत पक्कं होतं. माझं झालं.

३. दोन हात, दोन कामं

दुसरा टप्पा श्रमाचा. जायंट स्पॅरोच्या ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ला (२०१७) पुढच्या वर्षी बाफ्ताचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. एका कुटुंबातल्या माणसांच्या मृत्यूंची ती मालिका आहे. त्यातला लुइस हा तरुण मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला असतो. पट्ट्यावरून मासा येतो, तो पात्याखाली सरकवायचा, डोकं उडालं की पुढे फेकायचा. हे काम तुमच्या एका हाताकडे. दुसऱ्या हाताने लुइसच्या कल्पनेतल्या राज्यात फिरायचं. सुरुवातीला ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असतं. हळूहळू ते पसरतं, कारखाना झाकून टाकतं, आणि मासे कापणारा हात मात्र न बघता चालूच राहतो. त्याचा शेवट काय होतो ते खेळ दाखवतो, पण धक्का शेवटाचा नसतो. आपला हात आपल्या नकळत कितीतरी वेळ मासे कापत होता, हे लक्षात येणं हा धक्का.

हे वाक्यात सांगता येईल, मी आत्ताच सांगितलं. तरी त्यातलं काहीतरी वाक्यात येत नाही, आणि ते नेमकं काय हे नीट धरलं पाहिजे. वाचताना डोळा एका वेळी एका ओळीवर असतो. लेखक एकसुरी कामाचं वर्णन करू लागला की दुसऱ्या पानाला कंटाळा येतो, म्हणून तो ते दोन ओळींत उरकतो. खेळात ते काम तुमच्याकडूनच करून घेतलं जातं, त्यामुळे एकसुरेपणाचं वर्णन करावं लागत नाही, तो घडतो. कापूस वेचणाऱ्या बायांवर मराठीत कविता कमी नाहीत. पण किलोवर मजुरी मिळणारी वेचणी म्हणजे दिवसभर एकाच हालचालीची पुनरावृत्ती, आणि तेवढा वेळ डोकं दुसरीकडेच कुठेतरी हिंडत असतं, ही गोष्ट त्या कवितांत क्वचित सापडते. कवी लांबून बघतो, त्याला वाकलेल्या पाठी दिसतात. वेचणारीच्या डोक्यात त्या वेळी चाललेली सिरियल किंवा पोरीच्या लग्नाचा हिशेब त्याला दिसत नाही.

इथे एक इशारा. खेळून श्रमाचा अनुभव येतो असं मी म्हणत नाही. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटतात. माउसने सोलवटत नाहीत. हे खेळ दुसऱ्याचं दुःख जगायला देतात, असं जाहिरातीच्या थाटात सांगणाऱ्यांचा मला राग येतो. दुःख नाही, त्या दुःखाची रचना कळते. तेवढं पुरेसं आहे आणि ते कमी नाही.

४. शेती जशी असते आणि जशी खेळली जाते

शेतीवरचा सगळ्यांत लाडका इंडी खेळ ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६). एरिक बॅरोनने चारेक वर्षं एकट्याने खपून तो केला. कंपनीतली नोकरी सोडून नायक आजोबांच्या शेतावर येतो. हातात थोडी बियाणी, थोडे पैसे. मलाही तो आवडतो, झोपण्याआधी खेळायला त्यासारखा दुसरा नाही. पण त्यातली पेटी बघा. माल पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा. तुम्ही दहा नग टाका की हजार, भाव पडत नाही. ओलावा मोजायला कुणी येत नाही. बियाणं बोगस निघत नाही. कर्ज नाही, म्हणून व्याज नाही. मेहनत आणि फळ यांच्या मधे कुणीच उभं नाही. शहराला शेतीचं जे स्वप्न पडतं ते हेच, आणि ‘कापूसच का लावता’ हा प्रश्नही याच स्वप्नातून निघतो.

आता मध्ये कोण कोण उभं असतं ते पाहा. जूनमध्ये बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर. शेत कोरडवाहू, पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे दुसरी उधारी. बीटी बियाणं २००२ पासून आहे, पण शेंदरी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ मध्ये तिने पऱ्हाटीची बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, औषधं एकात एक मिसळली जात होती. आणि चर्चा काय झाली? मास्क आणि हातमोजे का घातले नाहीत. पुढे वेचणी; तिचे पैसे रोख द्यायचे, बहुधा दिवाळीच्या तोंडावर. पहिल्या वेचणीच्या कापसात ओल जास्त. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला, पण तो मिळवायला ॲपवर नोंदणी, तारीख, वाहन आणि थांबण्याची ऐपत लागते. ज्याला उद्याच मजुरी चुकती करायची आहे तो दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला माल देतो. सोयाबीन आणि तूर आहेतच. त्यांच्याही साखळ्या आहेत. प्रत्येक पायरीवर शेतकरी ‘निवडतो’. त्याच्या जागी बसलेला कुणीही तेच निवडेल.

ही साखळी ज्या खेळाला कळली आहे तो अमेरिकेतला निघावा याची मला गंमत वाटते. ‘केंटकी रूट झीरो’ पाच अंकांत आला, पहिला २०१३ ला आणि शेवटचा २०२० ला. कॉन्वे नावाचा म्हातारा ड्रायव्हर, त्याचं कुत्रं, आणि जुन्या सामानाच्या दुकानासाठी पोचवायचा शेवटचा माल. बंद पडलेली खाण, वीज कंपनीने गिळलेली गावं, पायाला झालेली दुखापत, तिच्या उपचाराचा बोजा. या खेळात कुत्र्याचं नाव तुम्ही ठरवता. कॉन्वेने काय बोलावं, त्याचा भूतकाळ कसा होता, तो आतून कसा आहे, हेही बऱ्याच अंशी तुम्हीच ठरवता. पण तो भट्टीत पोचतो तेव्हा त्याच्यापुढे मद्याचा पेला येतो. दारू सोडलेला हा माणूस तो पेला घेतो, आणि न घेण्याची वाट खेळाने तुमच्यासाठी ठेवलेलीच नाही. मग कळतं की त्या पेल्याचे पैसे लागतात आणि ते त्याने तिथे काम करून फेडायचे आहेत.

काही समीक्षकांना ही खेळणाऱ्याची फसवणूक वाटेल. मला तो खेळाचा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. शब्द तुमचे, सूर तुमचा, आठवणी तुमच्या. कर्ज मात्र तुमचं मत विचारत नाही. हे विधान खेळाने फक्त एक बटण काढून घेऊन केलं आहे. कादंबरीकाराला हे करता येत नाही, कारण त्याने वाचकाच्या हातात बटण दिलेलंच नसतं.

५. आपल्याकडे हे नवं नाही

कथाप्रधान खेळ हे परदेशी खूळ आहे असं मानणाऱ्यांनी विदर्भातली भुलाबाई आठवावी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टाळ्या देतात, शेवटी डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात. त्या गाण्यांत एक रचना पुन्हा पुन्हा येते. सुनेला माहेरी जायचं आहे. सासू नाही म्हणत नाही. ती काम सांगते. ते झालं की त्यातून दुसरं काम निघतं, दुसऱ्यातून तिसरं. वेल लावण्यापासून सुरू झालेली ती यादी भाजी शिजून ताटात पडेपर्यंत जाते, तरी परवानगी पुढच्या माणसाकडून घ्यायची बाकीच. नकार कुठेच नाही आणि वाटही कुठेच नाही.

‘पेपर्स, प्लीज’ची बांधणी हीच. आठ-दहा वर्षांच्या पोरी ते गाणं हसत, टाळ्या देत, पुढचं काम कोणतं हे आधीच ओरडून सांगत म्हणतात. त्यांना व्याख्यान कुणी देत नाही. पण सासर नावाच्या यंत्राचा नकाशा त्यांच्या अंगात भिनतो. गाणं म्हणजे पाठांतर नव्हे, करून बघणं. परंपरा ज्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते त्या मोक्षपटात तर खेळणाऱ्याला काहीच ठरवायचं नसतं. दान पडेल तसं सोंगटीने चढायचं किंवा सापाच्या तोंडी जायचं. तरी त्यातून अख्खं जीवनदर्शन सांगितलं जाई. निवडीविना खेळ होत नाही हा समज त्यामुळे इतिहासालाही धरून नाही.

६. आक्षेप

*हे शेवटी व्यसनच.* व्यसनाची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळण्याच्या विकाराची नोंद आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो योग्यच होता. रमी आणि फँटसी क्रिकेटच्या नावाखाली गावोगावच्या पोरांचे खिसे कापले जात होते. पण ज्या खेळाचा धंदा तुम्ही परत परत येण्यावर चालतो आणि जो खेळ संपतो, त्यांत फरक केला पाहिजे. ‘वेण्बा’ नावाचा खेळ, ज्याच्याबद्दल पुढे येईलच, एका संध्याकाळीत संपतो. संपल्यावर तुम्हाला परत बोलावण्यात त्याचा फायदा नसतो. अशा खेळाला जुगाराशेजारी बसवणं म्हणजे कादंबरी आणि मटक्याचा चार्ट दोन्ही कागदावर छापतात म्हणून एकच मानणं.

*कादंबरी असताना हे कशाला?* सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने वऱ्हाडातल्या शेतकरी घराची आतून होणारी पडझड जशी दाखवली तशी कोणत्याही खेळाने दाखवलेली नाही, हे मी आधीच मान्य करतो. माणसाचं मन, घरातलं बोलणं, पिढ्यांचा ताण ही कादंबरीची जागा. नियमांचा फास ही खेळाची जागा. पोलंडने युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांवरचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ २०२० मध्ये शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेतला. त्यासाठी कुणी कादंबरी यादीतून काढली नाही.

*मेलेल्या माणसांचा खेळ करायचा का?* हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि त्याला मी अर्धाच विरोध करीन. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. त्या दिवशी आजही लोक अन्नत्याग करतात. या घटनेवर ‘आता काय करशील?’ असे दोन पर्याय देणारा खेळ कुणी केला तर मी त्याविरुद्ध पहिला लिहीन. मरण हा खेळातला पर्याय होऊ नये, कारण पर्याय म्हणून मांडताच ते पुन्हा मेलेल्याच्याच माथी जातं. पण मरणाच्या आधीची बारा महिन्यांची साखळी मांडायला हरकत काय? श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकामध्ये शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्याच वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं, लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याच्या गोंधळानंतर. त्या नाटकावर कुणी ‘दुःखाचा तमाशा’ म्हणून बोट ठेवलं नाही, कारण मांडणारे कोण होते ते सगळ्यांना दिसत होतं. खेळालाही हीच कसोटी लावावी.

*हे खेळतो कोण?* वेचणीला जाणाऱ्या बाईची मुलगी ‘केंटकी रूट झीरो’ खेळत नाही. तिच्याकडे लॅपटॉप नाही, आणि त्या खेळातलं इंग्रजी माझ्यासारख्यालाही दोनदा वाचावं लागतं. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर एवढंच, की फोन तिच्या घरात आहे. तिच्या भाषेतला खेळ नाही.

७. पुणे, गोवा, टोरांटो

आपल्या आसपास असे खेळ करण्याचं काम सुरू झालं आहे, पण त्याची दिशा मला सगळीकडे सारखी पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) देखणा आहे. हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, देवळं, असुर, भित्तिचित्रांतून उलगडणारी गोष्ट. मात्र त्यात गोष्ट एकीकडे चालते आणि हात दुसरीकडे त्रिशूळ फिरवतो. गोष्ट काढून घेतली तरी हाताचं काम तेच राहील. गोव्याच्या फ्रॉस्टवुडचा ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) दिसायला साधा, पण त्यात विकलं जाणारं लहानपणीचं घर आहे, सुचत नसलेलं पुस्तक आहे आणि शेवटची भेट आहे. त्याला असुरांची गरज पडत नाही. त्याआधी ‘अनरेस्ट’ने (२०१४) दुष्काळात सापडलेल्या कल्पित प्राचीन भारतीय राज्यात खेळणाऱ्याला योद्धा न करता, ठरवून दिलेल्या लग्नाला सामोरी जाणारी खेड्यातली मुलगी केलं होतं. त्या धाडसाचं आपल्याकडे पुरेसं कौतुक झालं नाही.

आणि ‘वेण्बा’ (२०२३). टोरांटोच्या चमूने केलेला, १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेल्या तमिळ कुटुंबावरचा. आईच्या वहीतल्या पाककृती फाटल्या-पुसल्या आहेत, त्या जुळवत इडली करायची. पुढे एका प्रकरणात तुम्ही मुलाच्या भूमिकेत जाता, आणि तीच वही त्याला धड वाचता येत नाही, कारण त्याचं तमिळ सुटलं आहे. इथे हाताचं काम आणि गोष्ट एकच आहेत. २०२४ मध्ये इंडी खेळांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. तमिळ घराला जे जमलं ते मराठी घराला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

विषय तर इथे पडून आहेत. कापूस इंग्लंडला नेण्यासाठी टाकलेली मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे, स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिश कंपनीच्या मालकीची राहिलेली, १९९४ पर्यंत मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनावर धावलेली: केंटकीवाल्यांना ही सापडती तर त्यांनी सात वर्षं आणखी घेतली असती.

म्हणून यवतमाळच्या दर्डा अभियांत्रिकीतल्या, पुसदच्या नाईक अभियांत्रिकीतल्या आणि वणी, उमरखेड, पांढरकवड्याच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हजेरीचं ॲप पुन्हा एकदा बनवू नका. एक खरेदी केंद्र बनवा. खेळणारा शेतकरी नको, त्याच्यावर सगळेच बोलून झाले आहेत. खेळणारा ओलावा मोजणारा ग्रेडर असू द्या. समोर ट्रॅक्टरांची रांग, हातात यंत्र, यंत्रावर १३ टक्के, वरून आलेला नियम १२ चा, आणि रांगेत पाचवा त्याचा स्वतःचा साळा. ट्वाइन नावाचं साधन २००९ पासून फुकट आहे. त्याला प्रोग्रामिंग यावं लागत नाही, महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, तयार झालेला खेळ फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि देवनागरी जशीच्या तशी दिसते. पहिली आवृत्ती मराठीत काढा, जमलं तर वऱ्हाडीत. इंग्रजीचं नंतर बघता येईल.